खाणीच्या तोंडाशी

१

चोराने पितळी दिवे नेले नव्हते. सांगलीहून जिवापाड जपत आणलेला टेपरेकॉर्डर नेला नव्हता. तांब्याच्या तारेचं वेटोळं भिंतीशी उघडं पडलं होतं, त्यालाही हात लावला नव्हता. नेल्या होत्या तीन जोड वहाणा. जुन्या, वाळून लाकडासारख्या झालेल्या, फुकट दिल्या तरी कुणी पायात घातल्या नसत्या अशा.

आणि त्याबद्दल लालासाहेब राहीबाईला पोलिसांत देणार होते.

१९७४ ची दिवाळी नुकतीच झाली होती. पाटणच्या पुढे, कोयनेच्या खोऱ्यात तांबडदरा म्हणून गाव आहे. त्याच्या वरच्या डोंगरात कावेची खाण. काव म्हणजे भिंती-दारं रंगवायची तांबडी माती. महायुद्धात लष्कराच्या गाड्यांना रंग लागे, तेव्हा लालासाहेबांच्या वडिलांनी ही खाण जोरात चालवली. १९४३ साली ती बंद पडली. आता सांगलीच्या लालासाहेबांनी वडिलांचं स्मारक म्हणून तिथं जमिनीखालचं प्रदर्शन उभारायला घेतलं होतं. मुंबईहून मंत्री यायचे होते. उद्घाटनाला दोन दिवस उरले होते.

आराखडा भाऊसोंचा. भाऊसो सांगलीचे नेपथ्यकार, उभा जन्म नाटकांचे महाल आणि जंगलं रंगवण्यात गेलेला. "मास्तर, लोकांना खाण दाखवायची नाही," ते मला म्हणायचे, "खाणीत उतरवायचं. अंधार अंगाला लागला पाहिजे." प्रत्येकाच्या हाती एक दिवा, टेपवरून येणारा कुदळींचा आवाज, ओल्या कावेचा वास, आणि शेवटी, जिथं छत ढासळून वाट बंद झाली होती तिथं, प्लास्टरचे तीन कामगार.

माझं काम पाट्यांवरचा मजकूर लिहिण्याचं. साताऱ्याच्या ग्रंथालयात नोकरी झाली म्हणून मला बोलावलं असावं. मास्तर सगळे म्हणत. शिकवलं मी कुणालाच नाही. चारचौघांत बोलायचं म्हटलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते.

वहाणा सापडल्या त्या ढिगाऱ्याच्या अगदी पायथ्याशी. झिरपलेल्या मातीचा थर काढताना कारागिरांना त्या दिसल्या. तीन जोड एका ओळीत, देवळाबाहेर काढून ठेवाव्यात तशा नीट. भाऊसोंना आनंदाचं भरतं आलं. त्यांनी त्या उचलून प्लास्टरच्या कामगारांच्या पायांशी मांडल्या. आदला दिवस पाटणच्या बाजाराचा, राखणदार सोडला तर सगळे खाली गेले होते. आज सकाळी दिवे लावून बघतो तर कामगार अनवाणी.

"ही बाई परवा त्या वहाणांपाशी बसून राहिली होती," लालासाहेब खाणीच्या तोंडाशी उभे राहून म्हणाले. "सगळ्यांनी बघितलंय. हिच्याशिवाय कोण नेणार ती खेटरं?"

राहीबाई पाणी भरायला आणि झाडलोटीला होती. पन्नाशीला आलेली, काटकुळी. तिचा नवरा जोतिबा याच खाणीत कामाला होता. गावात सांगत की जोतिबा, अर्जुना आणि ज्ञानू हे तिघं १९४३ साली एके दिवशी परस्पर पळाले, पलटणीत भरती झाले आणि परत आले नाहीत. तेव्हापासून ती 'पळपुट्याची राही'. कुंकू लावलं तर बायका हसायच्या, पुसलं असतं तर नवरा मारलास का म्हणाल्या असत्या.

तिने घागर खाली ठेवली.

"म्या न्हाई नेली," ती म्हणाली. "आन् न्हायची आसती तर चोरून कशाला न्हीन? त्यातला एक जोड माझ्या घरातल्या मानसाचा हाय. डाव्या टाचंला बैलाच्या खुराची लोखंडी पत्री ठोकल्याली हाय त्यो. त्यांनी माझ्याम्होरं ठोकली हुती."

२

लालासाहेब हसले. "पळून गेलेला माणूस पायताणं आठवणीला ठेवून गेला म्हणायचा."

कारागीर हसले. मला हसू आलं नाही, पण मी काही बोललोही नाही. बोलले ते नाथाजी सुभेदार.

नाथाजी फौजेत सॅपर होते, म्हणजे बोगदे आणि पूल बांधणाऱ्या पलटणीत. खाणीच्या छताला आधाराचे खांब लावायचं काम त्यांच्याकडे होतं. डोकं कायम तापलेलं. खांब वाकडा बसला तर ते खांबालाही शिव्या देत.

"साहेब, पोलीस आनला तर मंत्र्याच्या आधी पेपरवाला यील," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळपतुर मला द्या. चोर मी काढतो. न्हाई निघाला तर मग राहीआक्काला घिऊन जावा."

लालासाहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. "उद्या संध्याकाळ. मग ही बाई आणि तिचं सगळं खानदान चोर म्हणून तालुक्यात ओळखलं जाईल, हे मी बघतो." जीपमध्ये बसून ते गेले.

राहीबाई तशीच उभी होती. "पळपुट्याची हायेच," ती म्हणाली. "आता चोरटी. एवढंच ऱ्हायलं हुतं."

नाथाजींनी मला दंडाला धरून बाजूला नेलं. "तुमी वाचल्यालं मानूस. माझ्या संगट ऱ्हावा. मला राग आला की मला दिसत न्हाई."

मला चांगलं दिसतं असंही नाही. पण मी गेलो.

खाणीचं तोंड बारमाही ठिबकतं. मंत्र्यांचे बूट भरू नयेत म्हणून भाऊसोंनी तिथं फळ्या टाकल्या होत्या. आम्ही सगळे त्यांच्यावरूनच आत-बाहेर करायचो. फळ्यांच्या डाव्या हाताला, कातळात एक कोनाडा आहे. त्यात शेंदूर फासलेला दगड, खाणआई. त्या कोनाड्याखालच्या ओल्या मातीत नाथाजी उकिडवे बसले.

तिथं वहाणांच्या जोडीचे ठसे होते. शेजारी शेजारी, सरळ. टाचा खाणीकडे, बोटं बाहेर दरीकडे. त्यांच्या बाजूला एक खोल गोल भोक.

"फळ्या असताना हा इथं चिखलात का उभा राहिला?" मी विचारलं.

"ते कळलं की चोर घावला," नाथाजी म्हणाले.

राखणदार गुंडा आटपाडीकडचा. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली म्हणून इकडे आला आणि इथंच राहिला. त्याच्या जाड वहाणा चालताना इतक्या करकरत की टेपवर आवाज घेताना भाऊसो त्याला दूर पिटाळत.

"रस्त्यानं कुनीबी आलं न्हाई," गुंडा म्हणाला. "आईच्यान."

"तू हुतास का जाग्यावर?"

"मदी झऱ्याला गेल्तो वाईच." मग तो घुटमळला. "मागल्या वाटंला काठीचा आवाज आला हुता. म्या म्हनलं, कुनी मेंढका आसंल. वाट बघितली. पर काठीमागनं मेंढरं काय आली न्हाईत."

"आन् हे तू आत्ता सांगतोस व्हय रं?"

"तुमी आत्ता इचारलंसा."

भाऊसो आत प्लास्टरच्या कामगारांचे पाय रंगवत बसले होते. ते चपलांसकट फळ्यांवरून जात-येत आणि आतही चपला घालूनच वावरत. लालासाहेबांशी त्यांचं वाजलं होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. लालासाहेबांना शेवटी वडिलांचा पुतळा हवा होता, भाऊसोंना नको होता.

"माझ्यावर संशय घ्या, चालेल," ते म्हणाले. "पण नेपथ्यातली वस्तू हरवली तर मी दुसरी करतो, सुभेदार. चोरीसाठी लागते ती कल्पनाशक्ती माझ्यात नाही." मग त्यांनी आपल्या टाचा दाखवल्या. भेगाभेगांतून तांबड्या रेघा. "आणि ही काव बघा. भेगांत शिरली की आठवडाभर निघत नाही. दगडाने घासली, रॉकेलने पुसली. बायको घरात घेईना झाली आहे."

नाथाजी त्या टाचांकडे बराच वेळ बघत राहिले.

"मास्तर," ते बाहेर येताना म्हणाले, "आपन चुकीचं इचारतोय. कुनी नेली, हे नगं. ही पायताणं आत आली कशी?"

३

राहीबाई झऱ्यावर भांडी घासत होती. नाथाजी तिच्यापासून जरा दूर दगडावर बसले.

"आक्का, चालू हुती तवा ह्या खानीत मानसं उतरायची कशी?"

"कशी म्हंजे? अनवानी. कोनाड्याखाली पायताण काढायचं. आईच्या पोटात जोडं घालून कोन जातं?"

"काढून ठिवायची कशी? तोंड कुनीकडं?"

ती भांडं घासायची थांबली. "भाईर. वाकून हातानं फिरवून ठिवायची. वर आलं की पाय घालायचा आन् सरळ घरची वाट. आत तोंड करून ठिवली की आई ठिवून घेती म्हनायचे."

मला माझ्या मूर्खपणाची लाज वाटली. भाऊसोंनी त्या वहाणा कामगारांच्या पायांशी मांडल्या तेव्हा मी तिथंच उभा होतो. 'छान' म्हणालो होतो. खाणीवर मी सोळा पाट्या लिहिल्या होत्या आणि खाणीतला माणूस अनवाणी असतो हे मला ठाऊक नव्हतं.

"मग त्या आत सापडल्या..." मी म्हणालो.

"तेच बघत बसले हुते परवा," राहीबाई म्हणाली. "रडत न्हवते. बघत हुते."

"आधी का बोलली न्हाईस?" नाथाजी म्हणाले.

"कुनाला बोलू?" तिचा आवाज चढला. "एकतीस वर्सांमागं बोलले की. त्या दिशी डोंगरातनं आवाज आला, धूळ आली, म्या पळत वर आले. पोटूशी हुते. म्हनलं, आत दबली मानसं, काढा. मुकादमानं मला कोनाड्याखाली नेलं आन् म्हनला, बघ. पायताणं हायत का? न्हवती. म्हनला, छत पडायच्या आदीच गेली ती, पायताण घालून, भरतीला. तवा माझं तोंड मिटलं. पायताणं न्हवती ना. काय बोलनार?"

भांड्यातलं पाणी तिने ओतून टाकलं.

"पोर बी जगलं न्हाई. आन् आता मला दिसली. आत. ढिगाऱ्यापाशी." ती आमच्याकडे वळली. "तुमी फौजंत हुतासा, सुभेदार. भरतीला जानारा मानूस डोंगर अनवानी उतरतो काय वो?"

नाथाजी दगडावरून उठले.

शेवटच्या पाटीवरचं वाक्य मला तोंडपाठ होतं. लालासाहेबांनी सांगितलेलं, मी सुबक करून लिहिलेलं. 'कामगार देशसेवेसाठी सैन्यात दाखल झाल्याने १९४३ मध्ये खाण बंद करण्यात आली.'

"मास्तर, आता ह्याला चिखलातलं ठसं जोडून बघा," नाथाजी शेवटी म्हणाले. "फळ्या सोडून चोर कोनाड्याखाली गेला. चोरी करायला आल्याला मानूस पायताण काढतो. नुसतं काढत न्हाई, वाकून भाईर तोंड करून ठिवतो. हे भाऊसोला ठाव न्हाई. गुंडाला न्हाई. कारागीर सांगलीचे. आक्काच्या पायात मी आजवर चप्पल बघितली न्हाई. मग ह्या खानीत राबल्यालं, हाताशी काठी आसल्यालं कोन उरलंय?"

राहीबाईने भांडी गोळा केली. ती नाव घेणार नाही असं मला वाटलं.

"मुकादम," ती म्हणाली.

४

आप्पासो मुकादम खाण बंद झाल्यापासून लालासाहेबांच्या पाटणच्या बंगल्यावर असे. सत्तरीचा. मागच्या पडवीत त्याची खोली होती. आम्ही पायऱ्या चढलो तेव्हा पडवीत नोकरांच्या चपलांचा ढीग पडला होता, जशा निघाल्या तशा, कुठली उताणी, कुठली पालथी. एकच जोड भिंतीशी वेगळा होता. बोटं पायरीकडे. मालक आत्ता निघणार असावा तसा.

मी नाथाजींकडे बघितलं. त्यांचं लक्ष नसावं असं वाटलं. ते सरळ आत गेले आणि बाजेवर बसलेल्या म्हाताऱ्याच्या पाया पडले. मी थक्क झालो. हा माणूस देवळातही वाकत नसे, आणि इथं चांगला गुडघे टेकून, म्हाताऱ्याच्या पावलांपाशी डोकं नेऊन राहिला.

"आसू दे, आसू दे," आप्पासोने पाय वर ओढून घेतले. "कुनाचा तू?"

"खानीवर खांब लावतो. तुमाला इचारायला आलो. जुनं मानूस तुमीच."

"मला काय इचारतोस? खान बंद झाल्यापासनं त्या डोंगराला पाय लावला न्हाई. गुडघं गेलं." कोपऱ्यात काठी टेकवली होती, खाली लोखंडी टोपण.

"ती पायताणं चोरीला गेली. राहीबाईवर आळ हाय."

म्हातारा खिडकीकडे बघू लागला. "राही न्हाई न्हेनार."

"मग कोन?"

"मला काय ठाव."

"तिला उद्या बेड्या घालत्याल."

"म्हनलं ना, मला ठाव न्हाई," तो ओरडला. आणि लगेच, हलक्या आवाजात, "लालासाहेब तसं करनार न्हाईत."

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "काही हाती लागलं नाही."

"टाचा बघितल्या त्याच्या. भेगांत तांबडं हाय. ताजं तांबडं." नाथाजी भराभर चालत होते. "चोर घावला, मास्तर. त्यानंच तवा कोनाड्याखालची पायताणं उचलली आन् आत लपवली. आता ती उघड्यावर आली म्हनून पुना उचलली. पर माझ्या म्हनन्यानं काय हुतंय? चिखलातल्या ठशावर लालासाहेब थुकतील."

मला एक गोष्ट टोचत होती, पण ती बोलण्याइतकी मोठी आहे की नाही हे कळेना. शेवटी एस. टी. येताना दिसली तेव्हा बोललो.

"सुभेदार, लपवायच्या वहाणा माणूस ओळीत मांडतो का?"

ते थांबले.

"सापडल्या तेव्हा मी तिथं होतो," मी म्हणालो. "ढिगारा एका अंगाला, आणि वहाणांची बोटं दुसऱ्या अंगाला. बाहेर. कोनाड्याखाली ठेवायचे तशा. लपवणारा फेकून मोकळा होईल. हा आत जाऊन, वाकून, एकेक जोड फिरवून ठेवतो. का?"

नाथाजींचा चेहरा हळूहळू बदलला. रागावलेला माणूस मी पाहिला होता. हे वेगळं होतं.

"भाऊसोला सांगा, उद्या दुपारी रंगीत तालीम करायची," ते म्हणाले. "दिवे, टेप, सगळं. आन् लालासाहेबांना निरोप धाडा. जुना मुकादम संगट आना म्हनावं. आवाज खरा वाटतोय का ते त्याच्या कानालाच कळंल."

५

लालासाहेब खुशीत आले. तालीम म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं असावं. बुटांच्या टापा वाजवत ते फळ्यांवरून सरळ आत निघाले. "ये रे आप्पा," ते म्हणाले.

म्हातारा जीपमधून उतरला. फळ्यांपाशी आला. आम्ही सगळे तिथं होतो: नाथाजी, भाऊसो, गुंडा, कारागीर, आणि घागर घेऊन राहीबाई. त्याने आमच्यापैकी कुणाकडे पाहिलं नाही. तो डावीकडे वळला, कोनाड्याखाली गेला. काठी रोवली. एक वहाण काढली, दुसरी काढली, आणि कण्हत वाकून हाताने फिरवून ठेवल्या.

चिखलातल्या त्या ठशांतच बसल्या. काठी भोकातच गेली होती.

तो सरळ झाला आणि त्याने आमचे चेहरे पाहिले. मग खाली पाहिलं. त्याला कळलं. तरी तो आत गेला. परत फिरला असता तरी कुठं जाणार होता.

आत भाऊसोंनी त्यांचं कसब दाखवलं. दिवे एकेक करून मंदावत गेले. थंड, ओला वास आला. टेपवर कुदळी सुरू झाल्या, आधी पुष्कळ, मग थोड्या. आम्ही ढिगाऱ्यापाशी पोचलो तेव्हा सगळे दिवे गेले आणि एकच कुदळ राहिली. ठक. ठक. जणू ढिगाऱ्यापलीकडून.

"बंद करा ते," आप्पासो म्हणाला.

ठक.

"बंद कर रं. ऐकू येतंय मला. बंद कर."

भाऊसोंनी टेप थांबवली आणि दिवा लावला. म्हातारा भिंतीला धरून खाली बसला होता.

"आसंच ठोकत हुती का?" नाथाजींनी विचारलं.

"हे थेर काय आहे?" लालासाहेब म्हणाले. "आप्पा, ऊठ."

"आसंच," आप्पासो म्हणाला. "जित्ती हुती. दुसऱ्या दिशी बी. म्या थोरल्या मालकाला सांगितलं, पंदरा गडी लावा, निघत्याल. मालक म्हनलं, उपसायला घेतलं की सरकार यील, खान बंद करंल, लष्कराचा तयार पडल्याला माल आडकंल, तेवढा जाऊ दे. म्हनलं, पळून गेली म्हनून सांग. कोनाड्याखालची पायताणं उचल आन् जाळ."

"म्हातारा भ्रमिष्ट झालाय," लालासाहेब म्हणाले.

"जाळली का न्हाईत?" नाथाजी म्हणाले.

"जाळता आली न्हाईत." तो नाथाजींशी बोलत होता, पण नजर राहीबाईकडे वळली होती. "घिऊन आत आलो. ठोकत हुती. म्या हितं ठिवली, भाईर तोंड करून. म्हनलं, निघालीच फोडून तर पायताण लागंल. एवढंच माझ्या हातात हुतं, राहे."

पाणी ठिबकत होतं. मला वाटलं ती रडेल. मला वाटलं ती त्याला क्षमा तरी करेल. पुस्तकं वाचून माणसाला असलं काहीतरी वाटतं.

राहीबाईने घागर खाली ठेवली.

"पायताणं आनलीस," ती म्हणाली. "ती आनायला दोन हात हुतं तुझं. मग पहार का न्हाई आनलीस?"

म्हाताऱ्याचा हात भिंतीवरून खाली आला.

"आँ? बोल की, मुकादम. माझा घरवाला आत ठोकत हुता आन् तू त्येच्या जोड्याचं तोंड कुनीकडं आसावं ते बघत बसलास. आन् वर यिऊन मला म्हनलास, बघ, हायत का पायताणं. माझ्या तोंडावर म्हनलास."

"आता कुठं आहेत त्या?" मी विचारलं.

"माझ्या बाजंखाली. धाकटं मालक बी म्हनलं, जाळ. जीपनं मागल्या वाटंला सोडलं मला. तवा बी जाळता आली न्हाईत, आता बी न्हाई आली."

सगळे लालासाहेबांकडे वळले.

६

लालासाहेब घाबरले नाहीत. ते घाबरतील असं मला वाटलं होतं.

"एका खुळ्या म्हाताऱ्याचं कोण ऐकणार?" ते म्हणाले. "खाण माझी आहे. उद्या मंत्री येणार आहेत. पाटी आहे तशी राहील. ज्याला पटत नसेल त्याने जावं."

"जातो," नाथाजी म्हणाले. "खान धोक्याची न्हाई, या कागदावर माझी सही लागती. ती बी माझ्या संगट जाईल. मंत्री खानीच्या तोंडापासनंच परत."

लालासाहेबांनी पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट पाहिलं. "काय हवं आहे?"

"हा ढिगारा मी उपसनार. परवानगी मागत न्हाई, सांगतोय. आन् पायताणं आक्काला द्यायची. ती ठिवंल तितं ऱ्हातील."

"एवढंच?" लालासाहेबांना हसू आवरलं नाही. "ठेवा की. कुठं ठेवायची ती खेटरं तिथं ठेवा. आणि उपसा तुमचा डोंगर, पण मंत्री गेल्यावर."

त्यांना कळलं नव्हतं. मुकादमाने कोनाड्याखाली वहाणा फिरवून ठेवल्या तेव्हा ते बूट वाजवत पुढे निघून गेले होते. भाऊसोंना कळलं. ते काही न बोलता हातोडी घेऊन तोंडाशी गेले आणि आपण टाकलेल्या फळ्या उचकटू लागले, उद्या येणाऱ्याला कोनाड्याखालूनच जावं लागेल अशा. गुंडा मदतीला धावला.

मी शेवटच्या पाटीपाशी गेलो. ती चार खिळ्यांवर होती. मला खिळे काढायची सवय नाही. अंगठा सोलवटला, पाटी मधोमध फुटली. लालासाहेब ओरडत होते. मी तुकडे काखेत मारून बाहेर आलो. तिथं दुसरी पाटी लावायची का, असं भाऊसोंनी विचारलं. मी नको म्हणालो. माझ्या अक्षरात लिहिण्यासारखं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खोऱ्यातल्या वाड्यावस्त्यांतून माणसं आली. मंत्री बघायला, वीज बघायला. म्हातारी माणसं पुढे होती. त्यांच्यापैकी पुष्कळांनी या खाणीत काव खणली होती. खाणीच्या तोंडाशी ती येत आणि थांबत.

कोनाड्याखाली तीन जोड पायताणं होती. ओळीत, बोटं दरीकडे. एकाच्या डाव्या टाचेला बैलाच्या पत्रीचा तुकडा. त्यांच्या शेजारी राहीबाई जमिनीवर बसली होती. कपाळ कोरं होतं.

कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. आमच्यासारख्यांना सोळा पाट्या लागतात. एका म्हातारीने पदर तोंडात धरला. एका म्हाताऱ्याने आपल्या वहाणा काढल्या, फिरवून त्या ओळीत ठेवल्या आणि तिथंच उभा राहिला. मग दुसऱ्याने. आत कुणी गेलं नाही. पोरंसोरंसुद्धा गप्प झाली.

मंत्र्यांची गाडी आली. हार झाले. लालासाहेब त्यांना घेऊन तोंडापर्यंत आले, तेव्हा तिथं चिखलात शंभरेक माणसं अनवाणी उभी होती आणि कुणी टाळी वाजवत नव्हतं. मंत्री गोंधळले. त्यांनी आधी आपल्या बुटांकडे, मग त्या ओळीकडे पाहिलं. बाकीच्या वहाणांचे मालक समोर उभे होते. पहिल्या तीन जोडांमागे कुणी नव्हतं.

"आणि या कुणाच्या?" त्यांनी विचारलं.

लालासाहेब काहीतरी सांगू लागले. राहीबाईने मान वर केली.

"आत हायत, त्यांची," ती म्हणाली.

मंत्री वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले. मागे उभ्या असलेल्या आप्पासोचे पाय उघडेच होते. लालासाहेब मात्र तसेच उभे होते. राहीबाई उठली, त्यांच्या पुढ्यात गेली, आणि एकतीस वर्षांत ज्या आवाजात तिला कुणी बोलू दिलं नव्हतं त्या आवाजात म्हणाली,

"पायताण काढ."